इंजिन नंबर, चेसिस नंबर

आरसी बुकात गाडीचे दोन नंबर असतात, एक चेसिसचा आणि एक इंजिनाचा. जुन्या बुलेटला चेसिस नंबर हँडलखाली, फ्रेमच्या मानेवर ठोकलेला असतो आणि इंजिन नंबर क्रँककेसवर. आरटीओच्या कामाला गेलं की एजंट त्या जागेवरचं ग्रीस पुसतो, वर पातळ कागद धरतो आणि पेन्सिल आडवी करून घासतो. आकडे कागदावर पांढरे उमटतात. लहानपणी आपण नाण्यावर कागद ठेवून जे करायचो तेच. हे दोन छाप बुकातल्या आकड्यांशी जुळले की गाडी तीच, असं सरकार मानतं.

दोनांपैकी एकच जुळला तर? कायदा चेसिसच्या बाजूचा आहे. फ्रेम म्हणजे गाडी, इंजिन म्हणजे तिच्यातला एक भाग. गॅरेजवाल्यांची भाषा मात्र उलटी. ते इंजिनावरूनच गाडी ओळखतात, तीही बहुतेक वेळा न बघता, आवाजावर. माझे थोरले चुलते, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, त्यांची बुलेट या दोघांच्या मधे एकतीस वर्षं धावली. बुकात ती पेट्रोलची होती आणि रस्त्यावर डिझेलची.

अप्पांचं गाव मुरबाडच्या पुढे, सरळगावपासून आत. १९७२ सालची बुलेट त्यांनी १९८३ मध्ये दुसऱ्या हाताने घेतली, दुधासाठी. दोन बाजूंना दोन कॅन लावून पहाटे कल्याणला यायचं आणि येताना सरकी-पेंड घेऊन जायचं. गोवेली, रायत्याचा पूल, कांबा, वरप, म्हारळ, मग शहाड. आमचं घर शहाडला, त्यामुळे त्यांचा पहिला चहा आमच्याकडे. १९९१ च्या पावसाळ्यात इंजिनाचा बिग एंड गेला. बोअर आधीच शेवटच्या ओव्हरसाइझला पोचलेला. नवा ब्लॉक, नवा पिस्टन, क्रँकचं काम असा सगळा खर्च मिस्त्रींनी बोटं मोडून सांगितला आणि वर म्हणाले, "एवढ्यात डिझेल बसतं."

डिझेल म्हणजे ग्रीव्हज-लोम्बार्डिनीचं एका सिलिंडरचं इंजिन. इटलीतल्या लोम्बार्डिनी कंपनीचं डिझाइन, बनवणारी आपली ग्रीव्हज कॉटन. शेतातल्या पंपाला, छोट्या जनरेटरला जे लावत तेच. ३२५ सीसी आणि साडेसहा हॉर्सपॉवर. त्याच्या जागी आधी होतं ते बुलेटचं ३५० सीसी, १८ हॉर्सपॉवरचं पेट्रोल इंजिन. हिशेब करणाऱ्याला हा सौदा वेडेपणाचा वाटेल. पण तेव्हा डिझेल पेट्रोलच्या साधारण निम्म्या भावात मिळे आणि ही गाडी लिटरला सत्तरच्या पुढे जाई. दुधाच्या धंद्यात सुटतात किती, तर चार पैसे. अप्पांना वेग नको होता. कॅनमधलं दूध हिंदकळतं म्हणून ते पन्नासच्या वर जातच नसत.

हा उद्योग काही शहाडच्या मिस्त्रींनी शोधून काढलेला नव्हता. देशभर गॅरेजांमधून अशी जोडकामं चालू होती. पुढे एन्फील्डने स्वतःच हेच इंजिन घालून टॉरस नावाची डिझेल बुलेट बाजारात आणली. ताशी पासष्टच्या आसपास तिची कमाल. प्रदूषणाचे नियम कडक झाले तशी ती बंद झाली. गुजरातेत तर बुलेटचं पुढचं धूड, हे डिझेल इंजिन आणि मागे दोन चाकं असा छकडा तयार झाला, त्याच्यावर अख्खी गावं बाजाराला जात. लोकांनी आधी केलं, कंपनीला मागून सुचलं.

इंजिन बसवणं म्हणजे ते फ्रेममध्ये मावतं का ते बघणं, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. मावणं हा त्यातला सोपा भाग. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो आणि टॉर्च धरायचं काम माझ्याकडे होतं. मिस्त्रींचं गॅरेज शहाड स्टेशनच्या उल्हासनगरच्या अंगाला. ते आधी जवळच्याच एका कारखान्यात मेंटेनन्स फिटर होते. तो बंद पडल्यावर त्यांनी हत्यारांची पेटी उचलून हे शेड टाकलं होतं. त्यांच्याकडे वेल्डिंग मशीन होतं, एक उभं ड्रिल होतं, बाकी लेथचं काम उल्हासनगरमधून करून आणायचं. उल्हासनगरचा 'मेड इन यूएसए' हा विनोद सगळ्यांना ठाऊक आहे, तो मी सोडून देतो. एवढंच सांगतो की जे दुसरीकडे मिळत नाही ते तिथे कोणीतरी संध्याकाळपर्यंत बनवून देतो. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकी, त्यात फाळणीनंतर आलेली सिंधी माणसं, १९४९ मध्ये मिळालेलं उल्हासनगर हे नाव. जे हाताशी आहे त्यात संसार बसवायची सवय त्या गावाला जन्मापासूनची.

बुलेटच्या फ्रेमची एक खोड आहे. मानेपासून एक नळी पुढून खाली येते आणि इंजिनाच्या पुढ्यात थांबते. मागून सीटखालच्या नळ्या येतात, त्याही गिअरबॉक्सच्या मागे थांबतात. इंजिनाच्या खालून नळीच जात नाही. पुढचं टोक आणि मागचं टोक जोडणारा दुवा म्हणजे स्वतः इंजिन आणि त्याच्या पोलादी पट्ट्या. म्हणजे बुलेटमधलं इंजिन काढणं हे घरातलं कपाट काढण्यासारखं नसतं, घराची भिंत काढण्यासारखं असतं. मिस्त्रींनी म्हणूनच जुनं इंजिन सोडवायच्या आधी फ्रेमखाली लाकडी ठोकळे रचले, पुढच्या आणि मागच्या टोकांमधे एक अँगल आडवा टाकून त्याला टाके मारले आणि मगच बोल्ट काढले.

पुढचं सगळं एका रेषेसाठी. जुन्या बुलेटचा गिअरबॉक्स इंजिनापासून वेगळा असतो. दोघांच्या मधे प्रायमरी चेन. इंजिनाच्या शाफ्टवरचं स्प्रॉकेट आणि क्लचचं स्प्रॉकेट एका पातळीत आले पाहिजेत, नाहीतर चेन एका बाजूने घासते, गरम होते, शेवटी तुटते आणि तुटताना केस फोडून बाहेर येते. गिअरबॉक्स जागेवरच राहणार होता. त्यामुळे क्लच हे ध्रुवपद, आणि इंजिन त्याच्या हिशेबाने सरकवायचं. चेनपुलीला इंजिन टांगलेलं, मिस्त्री एका गुडघ्यावर, दोन्ही स्प्रॉकेटवर पोलादी पट्टी आडवी धरलेली, आणि मी पट्टीच्या मागून टॉर्च मारायचा. पट्टी आणि दात यांच्यामधून उजेड दिसला की इंजिन अजून बाहेर आहे. उजेड बंद होईपर्यंत ढकला, ओढा, चकती घाला, चकती काढा. हे दीड दिवस चाललं. जागा नक्की झाल्यावर पुठ्ठ्याचा फर्मा कापला, तो दहा मिलिमीटरच्या प्लेटवर ठेवून रेघा मारल्या, प्लेट कापून कानशीने कडा घासल्या. गिअरबॉक्सच्या बाजूची भोकं गोल आणि इंजिनाच्या बाजूची लांबट, म्हणजे चेन ताणायला जागा राहते.

मग टाकी. डिझेल इंजिन उंच असतं, त्याचं डोकं टाकीला लागत होतं. टाकी वर उचलावी लागली. पंपाचं इंजिन हजारो तास जवळजवळ एकाच गतीने फिरायला घडलेलं, बुलेटच्या मानाने सावकाश फिरणारं, म्हणून इंजिनाचं स्प्रॉकेट मोठं करून घेतलं. आणि हादरे. पहिल्या महिन्यात हेडलाइटचे बल्ब भराभर गेले, मागच्या मडगार्डचा पाय तडकला, नंबरप्लेट वाटेत कुठेतरी पडली. मिस्त्रींनी एकेका ठिकाणी जुन्या टायरचे तुकडे घालून ते सगळं शांत केलं. पुढच्या प्लेट मात्र एकदाही हलल्या नाहीत.

पुढे मी अंबरनाथला एका कारखान्यात इन्स्पेक्शनला लागलो. दिवसभर मापं घेणं हेच काम. इंटरनेट आल्यावर हाताशी असलेला वेळ मी जुन्या ब्रिटिश मोटरसायकलींवर वाचण्यात घालवला, तेव्हा कळलं की मिस्त्रींनी जे केलं त्याला तिकडे मोठी परंपरा आहे आणि बहुतेक प्रकारांना नावंसुद्धा आहेत. ट्रायम्फचं इंजिन नॉर्टनच्या फ्रेममध्ये घातलं की ट्रायटन. व्हिन्सेंटचं घातलं की नॉरव्हिन. बेलफास्टच्या रेक्स मॅककँडलेसने १९५० साली नॉर्टनसाठी जी फ्रेम केली तिला फेदरबेड म्हणतात, पिसांची गादी, कारण हॅरॉल्ड डॅनियल या रेसरला ती चालवताना तसं वाटलं होतं. दोन नळ्या मानेतून निघून इंजिनाला पूर्ण वळसा घालून परत येतात. ती फ्रेम स्वतःतच पुरी असते, इंजिन तिच्यात पाहुण्यासारखं बसतं. पाहुणा बदलला तरी घर उभं. बुलेटमध्ये ही चैन नाही.

ट्रायटन जन्मली कशी, हे मला फार आवडलं. त्या काळी इंग्लंडात ५०० सीसीच्या छोट्या रेसिंग कार चालत. त्यांना नॉर्टनच्या मँक्स मोटरसायकलचं इंजिन हवं असे, पण नॉर्टन नुसतं इंजिन विकत नसे. मग कारवाले अख्खी मोटरसायकल विकत घेत, इंजिन काढून कारमध्ये घालत आणि उरलेली फ्रेम विकून टाकत. इंग्लंडातली सगळ्यात चांगली फ्रेम अशी इंजिनाविना बाजारात आली. लंडनच्या पोरांकडे ट्रायम्फचं जोरदार इंजिन होतंच. त्यातही जुन्या ट्रायम्फचा गिअरबॉक्स बुलेटसारखाच वेगळा, त्यामुळे प्लेट कापून, चेनची रेषा साधून दोघांना हवं तिथे बसवता येई. तीच पट्टी, तोच उजेड. फरक एवढाच की त्यांना शंभरच्या वर मैल गाठायचे होते आणि आमच्या अप्पांना कल्याणच्या डेअरीवर वेळेत पोचायचं होतं.

आणखी एक गोष्ट आमच्या घराण्याच्या जवळची. इंग्लंडातली रॉयल एन्फील्ड बंद पडत आली तेव्हा त्यांच्या इंटरसेप्टरची शंभरावर इंजिनं अमेरिकेतल्या एका व्यापाऱ्यासाठी तयार होती. फ्लॉइड क्लायमर त्याचं नाव. १९७० मध्ये तो वारला आणि इंजिनं बेवारस झाली. ती रिकमन बंधूंनी घेतली आणि स्वतःच्या फ्रेममध्ये घातली. रिकमनांच्या फ्रेमचं नाव मेटिस. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ संकरित, मिश्र रक्ताची. नाव लपवायचं सोडून त्यांनी तेच टाकीवर लिहिलं. आज या गाड्या लोक जपून ठेवतात, चांगल्या पैशाला घेतात. त्यांना मूळ फ्रेममध्ये परत नेलं पाहिजे असं कोणी म्हणत नाही.

आमच्याकडे मात्र मूळ या शब्दाला फार वजन आहे. अप्पांचा धाकटा मुलगा, माझा चुलतभाऊ, ठाण्याला नोकरीला आहे. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने विंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम काढले ते त्याने मला पाठवले. पन्नास वर्षांहून जुनी गाडी, मूळ स्वरूपात टिकवलेली, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली. अशा गाडीला व्हीए ही खास अक्षरं असलेला नंबर मिळतो, नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये. आमची बुलेट १९७२ ची, म्हणजे २०२२ मध्ये पन्नाशी पार. बाकी सगळं होतं, फक्त इंजिन परकं. आणि तसंही गाडीचं बुक वर्षानुवर्षं नूतनीकरणाविना पडलेलं. १९९१ मध्ये असा बदल आरटीओला कळवून, मंजुरी घेऊन करायची सोय कायद्यात होती, ती कोणी वापरली नाही. नंतर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कडक झालं आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही सांगून टाकलं की निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल चालणार नाही. दुसरं इंधन वापरण्यासाठी मंजूर किटची वाट आहे, पण शेतातल्या पंपाचं इंजिन हे काही किट नव्हे. तेव्हा गाडी रस्त्यावर आणायची तर पेट्रोल इंजिनाशिवाय मार्ग नव्हता. आणि नुसतं कुठलंही पेट्रोल इंजिन नाही. बुकातल्या नंबराचं.

ते होतं. अप्पांनी ते विकलेलंच नव्हतं. गोठ्याच्या माळ्यावर, गोणपाटात, वर जुनं ऑइल ओतून. क्रँककेसवर पेन्सिल घासली तेव्हा शेवटचे तीन आकडे जरा पुसट आले, पण आले.

चुलतभावाला वाटलं, काम झालं. अप्पांना नाही वाटलं. ते मला म्हणाले, "डिझेल काढलं तर मंग ऱ्हायलं काय? त्या पेट्रोलनी मला आठ वर्सां चालवलं. यानी एकतीस." चुलतभाऊ म्हणाला, अहो, पण मूळ गाडी ती. अप्पा गप्प बसले. मग त्यांनी नियमातलीच गोष्ट विचारली, व्हीए नंबर मिळाल्यावर कल्याणला जाता येईल ना? भावाने वाचून दाखवलं: प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं यांसाठी रस्त्यावर नेता येईल, रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी नाही. "म्हंजे बघायची गाडी," अप्पा म्हणाले.

मला त्या दिवशी दोघांचंही पटत होतं. भावाचं म्हणणं सरळ आहे. ठेवली तर भंगार होणार, कागद झाले तर पुढच्या पिढीला राहणार. पण तपासनीस म्हणून मला एक गोष्ट टोचत होती. गाडीवरच्या झिजेचा मोठा वाटा डिझेलच्या वर्षांतला होता. फूटरेस्टचं रबर, किकचा दांडा, टाकीवर डाव्या गुडघ्याने पाडलेला चमकदार डाग. मूळ स्वरूपाच्या व्याख्येत हे सगळं फेरफार म्हणून जमा होतं. लंडनच्या ट्रायटनला वेगासाठी केलेला फेरफार माफ आहे, उलट त्याची किंमत येते. दुधासाठी केलेला फेरफार मात्र पुसून टाकायचा. आता प्रत्येकाने आपल्या गाडीत पंप घालावा असं माझं म्हणणं नाही. वाटेल त्याने वाटेल त्या फ्रेममध्ये वाटेल ते बसवलं तर रस्त्यावर काय होईल ते मला कळतं, ब्रेक साडेसहा हॉर्सपॉवरचे की साठ, हे कोणी विचारत नाही. नियम हवाच. पण नियमाला गरजेतून झालेली चांगली जोडणी आणि हौसेतून झालेली वाईट जोडणी यांत फरक करता येत नाही, आणि ज्याने पट्टीमागचा उजेड बघितला आहे त्याला तो करता येतो.

शेवटी अप्पाच हो म्हणाले. अट एक: ज्यानं बसवलं त्यानंच काढायचं.

मिस्त्री आता सत्तरीला आलेत. गॅरेज मुलगा बघतो, त्याच्याकडे आता स्कूटर जास्त. त्यांना दिसायला कमी लागलंय, पण प्लेटच्या कडेवरून अंगठा फिरवून त्यांनी सांगितलं, ही आपली. आणि मग बोल्ट काढायच्या आधी मला म्हणाले, पट्टी घे. मी कारखान्यातली चांगली पट्टी नेली होती. प्रायमरी केस उघडून दोन्ही स्प्रॉकेटवर आडवी धरली, मुलाने मागून मोबाइलचा टॉर्च मारला. मी फीलर गेजची सगळ्यात पातळ पात घालून बघितली. जात नव्हती. एकतीस वर्षांनी. मिस्त्रींनी विचारलं, "किती?" मी म्हटलं, काही नाही. ते "हं" म्हणाले आणि पाना मागितला.

प्लेटच्या मागे चकत्या निघाल्या त्या डालडाच्या डब्याच्या पत्र्याच्या. एकीवर ताडाच्या झाडाचं हिरवं पान अजून दिसत होतं.

पेट्रोल इंजिनाचं काम दोन महिने चाललं. ब्लॉकला स्लीव्ह घातली, क्रँक नीट करून घेतला, जुन्या मापाची पुढची पट्टी मात्र मिळेना, ती परत फर्मा काढूनच केली. पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा सगळ्यांनी तो ठोका ऐकून टाळ्या वाजवल्या. अप्पा शेडच्या बाहेर, रस्त्याकडे तोंड करून उभे होते. आत आले तेव्हा म्हणाले, "हलकी वाटतंय." ती खरंच हलकी झाली होती. फाइल आरटीओत गेली आहे, तपासणी व्हायची आहे.

डिझेल इंजिनाचं काय करायचं यावर कोणी बोललंच नव्हतं. भाऊ म्हणाला, भंगारात कशाला, गॅरेजमध्ये शोभेला ठेवा. अप्पांनी छोटा टेम्पो सांगितला आणि ते गावाला नेलं. ओढ्याच्या काठी त्यांचा भाजीचा तुकडा आहे, तिथे वीज दिवसातून कधी असते, कधी नसते. मार्चमध्ये मी गेलो तेव्हा अँगलच्या चौकटीवर ते बसवलेलं होतं, शेजारी पंप. गावातल्या वेल्डरने चौकट केली होती, घाईत. इंजिनाचा शाफ्ट आणि पंपाचा शाफ्ट एका रेषेत नव्हते, कपलिंगचं रबर भुगा होऊन खाली सांडत होतं. अप्पांनी बंद केलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तुझी ती पट्टी आनलीस काय?"

पट्टी पिशवीतच होती. चकत्यांसाठी पत्रा शोधायला अप्पा घरात गेले.